टर्बो डिझेलला पिकअप नाही, गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला. आधी व्हॅक्यूम पाइप बघू का? (नाशिक)

आडगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ची डिझेल, व्हीजीटी टर्बो, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादाला धागा 'आमची चांगली की तुमची'वर घसरतो.

त्रास असा. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडीत जीवच नाही. गावात चालून जातं, पण मुंबईहून येताना कसारा घाटात जिथे तिसऱ्यावर आरामात चढायची तिथे आता दुसऱ्यावर आणावी लागते. मधेच चेक लाइट लागतो. लागला की रेस अडीच हजारांच्या पुढे जायला तयार नाही. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठीक, पुढचा चढ येईपर्यंत. धूर काळा आहे, निळा नाही. ऑइल कमी होत नाही.

स्कॅनर लावला तर पी०२९९ आला, म्हणजे अंडरबूस्ट, टर्बोकडून हवेचा दाब (बूस्ट) कमी. गॅरेजवाल्याने तेवढ्यावरच निकाल दिला: टर्बो बसला, अख्खी असेंब्ली बदला. आकडा ऐकून गाडी घरी आणली. शेजारचा मुलगा म्हणतो, आधी टर्बोकडे जाणारा बारीक व्हॅक्यूम पाइप बघा, फाटला असेल. बोनेट उघडलं तर तिथे बारीक काळ्या पाइपांचं जाळंच आहे. सुरुवात कुठून करू? हत्यारं घरात बेताचीच आहेत.

गोदाकाठ

टर्बो काढायला हो म्हणू नका. दुसऱ्या ठिकाणी दाखवा.

मायको_निवृत्त

आडगावकर, शेजारच्या मुलाला चहा पाजा. पोरगं बरोबर बोलतंय.

पी०२९९चा अर्थ 'टर्बो खराब' असा नाही. ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) जेवढा बूस्ट मागितला तेवढा मिळाला नाही, एवढंच तो कोड सांगतो. का मिळाला नाही, ते त्याला कळत नाही. टर्बो खरंच गेला असेल, इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणारा) जाड पाइप सुटला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, बूस्ट सेन्सरवर काजळी बसली असेल, टर्बोच्या पात्या काजळीने अडकल्या असतील किंवा त्या पात्या हलवणारा व्हॅक्यूमच पोचत नसेल. एवढ्या कारणांतलं सगळ्यात महाग कारण पहिलं धरायचं, ही आपल्याकडची रीत.

व्हीजीटी म्हणजे काय ते समजून घ्या, मग बाकीचं सोपं आहे. टर्बाइनच्या भोवती फिरत्या पात्या असतात. कमी आरपीएमला एक्झॉस्टचा जोर कमी, म्हणून पात्या मिटून वाट अरुंद करायची. बागेत पाणी घालताना आपण पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवतो, तसं. वाट अरुंद झाली की वायूचा वेग वाढतो आणि टर्बो लवकर फिरतो. आरपीएम वाढले की पात्या उघडायच्या. हे काम एक चकतीसारखा डबा करतो, तो अ‍ॅक्चुएटर. त्यातून दांडी निघते आणि पात्यांच्या तरफेला जोडलेली असते. डब्याला व्हॅक्यूम मिळाला की दांडी आत ओढली जाते आणि पात्या मिटतात. व्हॅक्यूम नाही मिळाला की स्प्रिंग दांडी परत ढकलते आणि पात्या सताड उघड्या राहतात. मग दोन हजारांच्या खाली गाडीत जीव कुठून येणार? तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. वरच्या आरपीएमला गाडी थोडीफार पळते ना? टर्बो खरंच मेला असता तर तिथेही पळाली नसती.

आता तो व्हॅक्यूम येतो कुठून. डिझेलला पेट्रोलसारखा इनटेक मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो. बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला, काहींत अल्टरनेटरच्या मागे. त्या पंपातून जाड पाइप ब्रेक बूस्टरला जातो आणि बारीक पाइप एका सोलेनॉइड व्हॉल्व्हला. ईसीयूच्या हुकमाप्रमाणे सोलेनॉइड किती व्हॅक्यूम सोडायचा ते ठरवतो आणि तिथून दुसरा बारीक पाइप अ‍ॅक्चुएटरला. फाटतो तो बहुधा हा शेवटचा, कारण तो टर्बोच्या आणि एक्झॉस्टच्या आगीपाशी असतो.

बिनपैशाची पहिली तपासणी: इंजिन बंद असताना दांडी कुठे आहे ते टॉर्चने बघून ठेवा. आता दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा, तुम्ही दांडीकडे बघत राहा. बहुतेक व्हॅक्यूमच्या व्हीजीटी टर्बोंमध्ये गाडी चालू होताच दांडी आत ओढली जाते आणि बंद केली की परत येते. हललीच नाही किंवा अर्धवट हलली, तर शोध व्हॅक्यूमचा. हात, ओढणी, मफलर काही पट्ट्याजवळ नेऊ नका.

आडगावकर

काका, एवढं सविस्तर कोणी गॅरेजमध्ये सांगितलं नव्हतं. उद्या उजेडात बघतो. टर्बो मागच्या बाजूला आहे, फायरवॉलकडे. हात जायलाच जागा नाही.

मायको_निवृत्त

मोबाइलचा कॅमेरा खाली सोडा आणि व्हिडिओ काढा. डोळा जात नाही तिथे मोबाइल जातो.

पेट्रोलप्रेमी

एवढा खटाटोप कशाला? गाडी चालू ठेवायची, पाइपांवर थोडा थोडा कार्ब क्लीनर मारत जायचा. जिथे फाटलंय तिथे मारला की आरपीएम बदलतो. दोन मिनिटांत सापडतं. माझ्या गाडीचा असाच सापडला.

मायको_निवृत्त

तुमच्या गाडीचा सापडला कारण ती पेट्रोल आहे. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूममधून तो वायू थेट जळायला जातो, म्हणून आरपीएम हलतो. डिझेलच्या या पाइपांतून जे ओढलं जातं ते व्हॅक्यूम पंपातून क्रँककेसकडे जातं, त्यामुळे आरपीएमवरून काही कळणार नाही. आणि गरम टर्बोजवळ ज्वालाग्राही स्प्रे मारणं म्हणजे कापूर पेटवायची हौस. डिझेलच्या इनटेकमध्ये तर असलं काही चुकूनही जाऊ देऊ नका. पेट्रोलवाल्यांनीही इंजिन गार असताना आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवूनच करावं.

पेट्रोलप्रेमी

मान्य. नळकांडं नव्हतं माझ्याकडे. :)

कांदाचाळ

मी निफाड तालुक्यातला. आमच्याकडे हा रोग वेगळ्या कारणाने येतो. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी उभी असते आणि उंदीर बोनेटखाली मुक्कामाला. दिवसभर गाडी फिरली की रात्री इंजिन कोमट, त्यांना तेच पाहिजे. एकदा ब्रेक बूस्टरचा नाही पण टर्बोचा बारीक पाइप कुरतडून ठेवला होता, वायरिंगही थोडी. ओळखायची खूण सांगतो: वयाने फाटलेल्या पाइपाला चीर असते, कडा कोरड्या आणि भेगाळलेल्या. उंदराने खाल्लेल्याला दातांचे अर्धगोल चावे आणि खाली भुसा. भुसा दिसला की फक्त पाइप बदलून थांबू नका, आजूबाजूच्या वायरी सोलल्यात का तेही बघा.

तंबाखूची पानं, डांबरगोळ्या सगळं करून झालं. आता रात्री गाडी चाळीपासून लांब उभी करतो आणि बोनेट उघडं ठेवतो. उजेड आणि वारा असला की ते फारसं टिकत नाहीत. हा माझा अनुभव, शास्त्र नव्हे.

अंजनेरी

विषयाला धरूनच विचारते. माझी पण डिझेल. पिकअप ठीक आहे, पण हल्ली ब्रेकचं पेडल कधी कधी कडक लागतं. विशेषतः सिग्नलला पाठोपाठ दोन-तीनदा ब्रेक मारला की. हाही व्हॅक्यूमच का? रविवारी घरच्यांना घेऊन वणीच्या गडावर जायचं ठरलंय.

मायको_निवृत्त

अंजनेरीताई, गडाचं आधी थांबवा. आडगावकरांच्या गाडीत फक्त पिकअपचा प्रश्न आहे, तुमचा प्रश्न ब्रेकचा आहे.

ब्रेक बूस्टर व्हॅक्यूमवरच चालतो. व्हॅक्यूम गेला तरी ब्रेक लागतो, पण पायाचा जोर कैक पटीने जास्त द्यावा लागतो. सपाट रस्त्यावर माणूस निभावून नेतो. गड उतरताना वळणावळणाला ब्रेक लागतो, तिथे नाही निभावणार.

दोन तपासण्या आत्ता अंगणात करा. पहिली: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पेडलवर पाय दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली किंचित आपोआप खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. दुसरी: गाडी एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, मग पेडल दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर साठवलेला व्हॅक्यूम गळून गेलाय. मग जाड पाइप, त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह, बूस्टरच्या तोंडाशी असलेला रबरी ग्रोमेट आणि शेवटी बूस्टरचा पडदा, या क्रमाने बघायचं. पेडल दाबताना पायाशी 'स्स्स' असा आवाज सतत येत असेल तर पडद्यावर संशय. आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू तळाला जात असेल तर ती गोष्ट व्हॅक्यूमची नाही, ब्रेक ऑइलची आहे. तसं असेल तर गाडी हलवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

रात्रभर उभ्या गाडीचं पेडल सकाळी पहिल्या दाबाला कडक लागलं तर त्याने घाबरू नका, पुष्कळ गाड्यांत व्हॅक्यूम रात्रीत उतरतो.

अंजनेरी

पहिल्या तपासणीत पेडल खाली गेलं, पण फार सावकाश. दुसऱ्या तपासणीत पहिलाच दाब कडक. गडावर एसटीने जातोय.

मायको_निवृत्त

उत्तम. एसटीवाल्यांना घाट पाठ आहे.

पार्टवाला

माझं शिंगाडा तलावाकडे स्पेअर पार्टचं काउंटर आहे, जाहिरात करत नाही, दुकानाचं नाव विचारू नका. पाइपाबद्दल थोडं लिहितो, कारण रोज काउंटरवर यावरून वाद होतात.

लोक येतात आणि म्हणतात, "व्हॅक्यूम पाइप द्या." कुठला? आतला व्यास सांगा. अ‍ॅक्चुएटरच्या पाइपाचा आतला व्यास साधारण साडेतीन-चार मिलिमीटर असतो, पण अंदाजाने नेऊ नका, जुना तुकडा घेऊन या. ढिला बसला तर हवा ओढेल, फार घट्ट बसवला तर टोकाला ताण येऊन वर्षभरात पुन्हा तिथेच फाटेल. दुसरी गोष्ट भिंतीची जाडी. व्हॅक्यूममध्ये पाइप आतून ओढला जातो, पातळ भिंतीचा असला की चपटा होतो आणि वाटच बंद. गंमत म्हणजे तो फाटलेला नसतो, बाहेरून नवाकोरा दिसतो आणि गाडीचं लक्षण तेच राहतं.

आणि कृपा करून वॉशरच्या पाण्याची नळी, फिशटँकची नळी, सलाइनची नळी लावू नका. सलाइनची नळी लावलेल्या गाड्या मी स्वतः बघितल्यात. गार असताना पारदर्शक, छान दिसते. टर्बोजवळ मऊ पडून चिकटते.

टर्बोच्या भट्टीत शिजणारा पाइप म्हणून मी तरी कापडी वेणीचं आवरण असलेला नायट्राइल (ऑइल सोसणारं रबर) देतो किंवा चांगला जाड सिलिकॉन.

मायको_निवृत्त

सिलिकॉनबद्दल माझं मत वेगळं आहे. उष्णता सिलिकॉन उत्तम सोसतो, वादच नाही. पण डिझेलचा व्हॅक्यूम पंप इंजिन ऑइलवर चालतो. त्या ऑइलचा ओलावा पाइपात थोडाफार येतोच. साधा सिलिकॉन ऑइल पितो, फुगतो, मऊ पडतो आणि मग टोकाशी सुटतो. ईपीडीएम रबराचंही तेच, कूलंटला उत्तम, ऑइलला वाईट. दुकानात निळे-लाल सिलिकॉन पाइप दिसायला झकास, पण निम्मे पातळ भिंतीचे असतात.

पार्टवाला

काका, पंपापासून सोलेनॉइडपर्यंतच्या तुकड्यासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सोलेनॉइडपासून अ‍ॅक्चुएटरपर्यंत ऑइल क्वचितच पोचतं आणि उष्णता तिथेच सगळ्यात जास्त. नायट्राइल तिथे वर्षा-दोन वर्षांत कडक होताना बघितलंय. त्या एका तुकड्याला जाड भिंतीचा सिलिकॉन मी तरी लावीन.

मायको_निवृत्त

मी लावणार नाही. एफकेएम रबराचा मिळाला तर तो लावीन, उष्णता आणि ऑइल दोन्ही सोसतो. मिळत नसेल तर कंपनीचा मूळ पाइप मागवावा. त्याला टर्बोच्या बाजूला चंदेरी किंवा विणलेलं उष्णतारोधक आवरण असतं, बदलताना ते फेकू नका.

शनिवार_रविवार_नाशिक

ठाण्याहून दर आठवड्याला येतो. आडगावकर, दुरुस्त होईपर्यंत कसारा घाट टाळून समृद्धीने या. आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५पासून चालू आहे, बोगद्यातून येताना चढ कळतही नाही. टोल आहे, पण घाटातली कटकट नाही.

मायको_निवृत्त

चढ कळत नाही, पण संपत नाही. आणि अर्ध्या ताकदीच्या गाडीने जलद महामार्गावर जाणं मला तरी पटत नाही. तिथे मागून येणारा ज्या वेगात असतो त्या वेगाला ही गाडी पोचणारच नाही, मधेच चेक लाइट लागला तर आणखी फजिती.

आडगावकर

दांडी बघितली. गाडी चालू केली की जराशी हलते आणि थांबते. पूर्ण आत जात नाही. हाताने (गाडी गार, इंजिन बंद) ढकलली तर मोकळी हलते, अडकत नाही. म्हणजे पात्या मोकळ्या आहेत, बरोबर ना? एका मित्राकडून गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप आणलाय. आता पुढे?

मायको_निवृत्त

बरोबर. दांडी मोकळी आहे म्हणजे टर्बोवरचा अर्धा आरोप गळाला.

आता तुकड्यातुकड्याने बघा. अ‍ॅक्चुएटरच्या तोंडाला थेट हातपंप लावा, ४००-५०० मिलिमीटर (पाऱ्याच्या) व्हॅक्यूमपर्यंत ओढा. दांडी सरळ, झटके न देता आत गेली पाहिजे आणि काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे. काटा खाली आला तर अ‍ॅक्चुएटरचाच पडदा फाटलाय. राहिला तर अ‍ॅक्चुएटर सोडा, पुढे या. सोलेनॉइड ते अ‍ॅक्चुएटर हा पाइप सोडवा, एक टोक स्क्रूने बंद करा, दुसऱ्या टोकाला पंप. काटा बघत पाइप सगळीकडून वाकवा, विशेषतः टोकांशी. चीर सरळ पाइपात मिटलेली असते, वाकवला की उघडते. इंजिन लोड घेताना थोडं हलतं, तेव्हा तुमच्या गाडीत नेमकं हेच होत असेल. म्हणूनच उभ्या गाडीत सगळं ठीक वाटतं आणि घाटात घोळ होतो.

साबणाच्या पाण्याने शोधू नका. ते दाबाच्या पाइपाला, म्हणजे इंटरकूलरच्या जाड पाइपाला चालतं, तिथे फुगे येतात. व्हॅक्यूमचा पाइप पाणी आत ओढून घेतो, फुगा कशाचा येणार?

आणखी एक, हे नाशिकच्या लोकांनी लक्षात ठेवा. पंपाचा व्हॅक्यूम गेजवर मोजाल तेव्हा पुस्तकातला आकडा आणि आपला आकडा जुळणार नाही. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा, तिथे हवेचा दाब ७६० मिलिमीटर. आपण सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, इथे हवेचाच दाब सुमारे ७१०. त्याच्यापेक्षा जास्त व्हॅक्यूम जगातला कुठलाच पंप दाखवू शकत नाही. मुंबईत जो पंप ७०० दाखवतो तो इथे साडेसहाशे दाखवणार. तेवढ्यावरून 'पंप गेला' म्हणून बिल फाडणारे आहेत.

गोदाकाठ

हे पन्नास मिलिमीटरचं गणित आजवर कोणी सांगितलं नव्हतं. धाग्याला टाचणी लावा कोणीतरी.

आडगावकर

सापडलं!

अ‍ॅक्चुएटरने व्हॅक्यूम धरला, काटा हललाही नाही. सोलेनॉइड ते अ‍ॅक्चुएटर पाइप काढला. बाहेरून अगदी चांगला. पंप लावला, काटा ५००वर थांबला. मग टोकाजवळ वाकवला तर काटा सरळ शून्याकडे. सोलेनॉइडच्या बाजूला, क्लिपच्या बरोब्बर खाली, सुमारे दीड सेंटिमीटरची उभी चीर. क्लिप तिच्यावर बसलेली, म्हणून दिसतच नव्हती. फोटो टाकायचा प्रयत्न करतो, साइज मोठी आहे.

आता टोक कापून तोच पाइप बसवू की नवा? पाइपाला दोन बोटं सैलपणा आहे.

पेट्रोलप्रेमी

टोक कापा आणि बसवा. फुकटात काम.

पार्टवाला

कापून बसवला तर आजच्या दिवसाचं काम भागेल. पण एका टोकाला वयाने चीर गेलीय म्हणजे सगळा पाइप त्याच वयाचा. दुसरं टोक तर एक्झॉस्टजवळ. नखाने दाबून बघा, खळगा उमटून तसाच राहिला किंवा बारीक भेगा दिसल्या तर नवाच टाका. मीटरभर पाइप आणि दोन स्प्रिंग क्लिपा तीनशेच्या आत येतात.

कांदाचाळ

इन्सुलेशन टेप गुंडाळून बसवला तर?

पार्टवाला

गरम झाली की टेपचा गोंद वितळतो, सगळं चिकट होतं आणि टेप सुटते. स्वतःला स्वतःच चिकटणारी सिलिकॉन टेप मिळते, तिने घरापर्यंत येता येतं, त्यापुढे नाही. आणि फेविक्विक, एम-सील, सिलिकॉन गॅस्केट यातलं काही आत जाऊ देऊ नका. त्याचा एक कण सोलेनॉइडमध्ये ओढला गेला तर पाइपाच्या जागी सोलेनॉइडचं बिल.

मायको_निवृत्त

बसवताना काय सांभाळायचं ते सांगतो.

आधी फोटो. सोलेनॉइडला तीन तोंडं असतात: एक पंपाकडून येणारं, एक अ‍ॅक्चुएटरकडे जाणारं, तिसरं हवेसाठी, त्याला बहुधा छोटा फिल्टर असतो. पहिली दोन उलटसुलट झाली की नवा पाइप असूनही गाडी तशीच राहते आणि माणूस टर्बोला शिव्या देतो. पुष्कळ सोलेनॉइडवर तोंडांपाशी अक्षरं कोरलेली असतात, भिंग घेऊन वाचा.

जुना पाइप पकडीने ओढू नका. सोलेनॉइडचं प्लॅस्टिकचं तोंड उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, कट्‌कन तुटतं. आधी पाइप गोल फिरवून मोकळा करा. नाहीच निघाला तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा आणि सोलून काढा, पण ब्लेडचा ओरखडा तोंडावर उठता कामा नये, तिथूनच पुन्हा हवा ओढेल.

नवा पाइप जुन्याच्याच लांबीचा, टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने चेपला जातो. बसवताना पाण्याचा ओलावा पुरे, ग्रीस नको. दोन्ही टोकं शेवटपर्यंत जाऊ द्या. आखूड झाला तर इंजिन हलताना ओढला जाईल, लांब झाला तर कुठेतरी मुडपेल. ज्या खाचांतून जुना गेला होता त्याच खाचांतून न्या, टर्बोपासून लांब, आवरण चढवून. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळू नका, तो स्वतःच पाइप कापतो.

आणि हवेच्या तोंडाचा तो छोटा फिल्टर आता हाताशी आहेच, तर झटकून बघा. आपल्याकडे सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खणलेत, धुळीचा सुकाळ आहे. तो चोंदला की सोलेनॉइडला व्हॅक्यूम वेळेवर सोडता येत नाही आणि उलटा दोष येतो, ओव्हरबूस्ट, पी०२३४.

आडगावकर

नवा पाइप बसवला. वेणीच्या आवरणाचा नायट्राइल घेतला, कंपनीचा मागवायला सांगितलाय, आला की तो टाकीन. दुसरं टोक खरंच कडक झालं होतं, वाकवताना बारीक भेगा दिसल्या. फिल्टरमधून धूळ निघाली. चालू करताच दांडी पूर्ण आत गेली. कोड स्कॅनरने खोडला.

आज घोटीपर्यंत जाऊन आलो, मग मुद्दाम कसाऱ्याला खाली उतरून घाट चढून आलो. तिसऱ्यावर. चेक लाइट नाही. सुरुवातीला जोर दिल्यावर एकदा भरपूर काळा धूर निघाला, नंतर नाही. तो कशाचा?

मायको_निवृत्त

इतके दिवस हवा कमी आणि डिझेल त्यामानाने जास्त, त्याची काजळी एक्झॉस्टमध्ये साठली होती. जोराने वायू गेला तशी निघाली. धूर पुन्हा दिसू लागला तर ईजीआरकडे (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघू, आत्ता नको. एक काम करा: आठवड्याभराने बोनेट उघडून दोन्ही टोकं हाताने ओढून बघा, नवा पाइप गरम-गार होऊन बसतो.

गॅरेजवाल्याला सांगितलंत का?

आडगावकर

सांगितलं. तो म्हणाला, "टर्बोचंही आयुष्य झालंच होतं, कधी ना कधी जाणारच." मी नमस्कार करून निघालो.

पेट्रोलप्रेमी

आता माझा प्रश्न. माझी एक लिटर टर्बो पेट्रोल. सिग्नलला आरपीएम वर-खाली होतो, कोड पी०१७१. बूस्टमध्ये गेली की मात्र मस्त पळते. या वेळी स्प्रे मारणार नाही, आधीच सांगतो.

मायको_निवृत्त

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. तुमच्या मॅनिफोल्डमध्ये आयडलला व्हॅक्यूम असतो, तेव्हा चिरेतून न मोजलेली हवा आत येते आणि आयडल डोलतो. बूस्टमध्ये तिथेच दाब तयार होतो, मग आत येणं थांबतं. चीर मोठी असेल तर उलट बाहेर हवा गळते आणि पिकअपही जातो. तुमचा पिकअप ठीक आहे म्हणजे चीर लहान आहे किंवा एकमार्गी व्हॉल्व्हच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी आहे. क्रँककेसच्या वायूचा पाइप, म्हणजे पीसीव्हीचा, तो आधी बघा. तोच ऑइलच्या वाफेने मऊ पडतो. वेस्टगेटचा (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) अ‍ॅक्चुएटर तुमच्या गाडीत विजेवर चालणारा असू शकतो. त्याच्याकडे वायरच जात असेल आणि पाइप नसेल, तर तिथे व्हॅक्यूम शोधत बसू नका.

बागेतला रबरी पाइप हातभर कापा, एक टोक कानाशी, दुसरं टोक पाइपांवरून फिरवा. आयडलला फुसफुस नेमकी ऐकू येते. पट्टा आणि पंख्यापासून लांब.

अंजनेरी

माझा निकाल लागला. ब्रेक बूस्टरच्या तोंडाशी असलेला रबरी ग्रोमेट तडकला होता, एकमार्गी व्हॉल्व्ह त्यात हलत होता. दोन्ही बदलले. आता पाच मिनिटांनी पेडल दाबलं तरी पहिले दोन दाब मऊ. पाइपालाही टोकाशी बारीक भेगा आहेत, तोही बदलायचाय. पार्टवाला, बूस्टरचा जाड पाइप मीटरवर मिळतो का?

पार्टवाला

मीटरवर मिळतो, पण ब्रेकला मी मीटरवरचा देत नाही, कुणी मागितला तरी. बहुतेक गाड्यांत बूस्टरचा पाइप वळणं घेऊन घडवलेला येतो, एकमार्गी व्हॉल्व्ह कधी कधी त्याच्या आतच असतो आणि बाणाने दिशा दाखवलेली असते, बाण इंजिनाच्या बाजूला. सरळ पाइप वाकवून बसवला तर वळणावर चपटा होतो. चासी नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरला जा, पूर्ण पाइप मागवा. आला नाही तर मला इथे लिहा, शोधून देतो.